क्षेमकुशल आणि खर्चपाणी

पूर्वीच्या पत्रांची घडी मोठी पक्की असे. माथ्यावर ‘श्री’, कोपऱ्यात तारीख, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मधला मजकूर न वाचताही कळे: प्रकृती बरी आहे, पाऊस बरा आहे, पैसे पोचले. दवाखान्यात किती गेले, खानावळवाल्या बाईचे किती थकले, हे पत्रात लिहिण्याची रीत नव्हती. घरच्यांना काळजी नको, हे एक कारण. पोस्टमनच पत्र वाचून दाखवी आणि त्याबरोबर ते सगळ्या आळीला कळे, हे दुसरे.

आता पत्रे गेली आणि ती रीतही गेली. शाळेत एका बाकावर बसलेली मुले तीन खंडांत पांगली, तरी खिशातल्या फोनवर दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. आमचा एक असा गट आहे. दहावीला कन्नमवार नगरात एकत्र अभ्यास केलेले आम्ही सात जण. एक न्यूजर्सीला, एक लंडनला, एक जर्मनीत, एक दुबईला, एक पुण्याला, आणि दोघे विक्रोळीतच. त्या दोघांपैकी एक प्रस्तुत लेखक. वाचकांना वाटेल की ह्या गटात देशोदेशीच्या राजकारणाची आणि साहित्याची चर्चा होत असेल. तसे काही नाही. तिथे नव्वद टक्के बोलणे दोनच विषयांवर चालते: दाताच्या डॉक्टरने किती घेतले, आणि काल बाहेर जेवायला गेलो तर बिल किती झाले.

हे बोलणे वरवर क्षुल्लक वाटते. पण त्यात एक अर्थशास्त्र दडलेले आहे, आणि ते न कळल्यामुळे चांगल्या मैत्रीत मिठाचा खडा पडू शकतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

विक्रोळी हे गावच मुळी बाहेरून आलेल्यांचे. एका बाजूला खाडी आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूला टेकडी, मधून रेल्वे. गोदरेजचे कारखाने इथे आले, पाठोपाठ इतरांचे आले, आणि मग गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. कन्नमवार नगराला ज्यांचे नाव आहे ते मारोतराव कन्नमवार १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि त्या पदावर असतानाच वारले. चांद्याकडच्या माणसाचे नाव मुंबईच्या उपनगराला, आणि त्या नगरात राहणारे कोकणातले, साताऱ्याचे, नगरचे. आमचे वडील गावाहून इथे आले आणि गावी मनीऑर्डरी पाठवू लागले. पुढची पिढी इथून आणखी पुढे गेली. पाठवण्याची दिशा तीच राहिली, फक्त नाणे बदलले.

घोटाळा ह्या नाण्यापाशीच सुरू होतो.

गेल्या साली आमच्या गटातल्या विक्रोळीच्या मित्राच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. तपासण्या झाल्या, रक्तवाहिनीत अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी करावी लागेल असे ठरले. एका खाजगी रुग्णालयाने तीन लाखांचा अंदाज दिला आणि निम्मे पैसे आधी भरायला सांगितले. मित्र कंत्राटी नोकरीत. त्याची वर्षाची मिळकतच तीन लाखांच्या आसपास. त्याने गटात आकडा लिहिला. न्यूजर्सीच्या मैत्रिणीने, अगदी धीर देण्याच्या हेतूने, लिहिले : ‘एवढेच ना? साडेतीन हजार डॉलर होतात. इथे एवढ्यात एक रात्र सुद्धा ठेवून घेत नाहीत.’

त्यानंतर तो मित्र दोन दिवस गटात काही बोलला नाही.

तिचा गुणाकार-भागाकार चुकला नव्हता. डॉलरला चौऱ्याऐंशी रुपये धरले तर तीन लाखांचे साडेतीन हजार डॉलरच होतात. पण हा दर बँकेच्या खिडकीवरचा दर आहे. तो सांगतो एवढेच की एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे किती मिळेल. त्या चलनात तिथे काय विकत येईल, हे तो सांगत नाही. गुस्ताव कॅसल ह्या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ह्या दुसऱ्या गोष्टीला नाव दिले. आपण त्याला क्रयशक्तीची समता म्हणतो. कल्पना सोपी आहे. एकच टोपली घ्यावी, तीत तांदूळ, कापड, घरभाडे, केशकर्तन, डॉक्टरची फी वगैरे सर्व घालावे, आणि ती अमेरिकेत किती डॉलरला व भारतात किती रुपयांना पडते ते पाहावे. ही टोपली जगभर मोजण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९७० पासून चालू आहे आणि त्याच्या बहुतेक फेऱ्यांत भारताने भाग घेतला आहे. २०१७ सालच्या फेरीचा निकाल असा: बाजारात डॉलरला ६५.१२ रुपये पडत होते, पण टोपलीच्या हिशेबाने एका डॉलरचे काम भारतात २०.६५ रुपयांत होत होते.

हा आकडा लावून त्या तीन लाखांकडे पाहा. ते साडेतीन हजार डॉलर राहत नाहीत, साडेचौदा हजारांच्या आसपास जातात. आणि ज्याची वर्षाची मिळकतच तेवढी, त्याला तो आकडा एका अमेरिकन कुटुंबाच्या वर्षभराच्या पगाराएवढा जड वाटणार. ‘एवढेच ना?’ ह्या दोन शब्दांत हे सगळे गळून पडले होते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती आपण इथले लोक सोयीस्कर विसरतो. लंडनची मैत्रीण साधे जेवण जेवून आली आणि वीस पौंड झाले म्हणाली, की इथे कोणीतरी लगेच गुणाकार करतो, ‘बापरे, दोन हजारांचे जेवण! तुमची मजा आहे.’ तिचे घरभाडे, गाडीभाडे, मुलाच्या पाळणाघराचे पैसे ह्यांचा गुणाकार मात्र कोणी करत नाही. पगाराचा गुणाकार करायचा आणि खर्चाचा करायचा नाही, ही परदेशस्थांच्या नातेवाइकांची जुनी खोड आहे.

आता प्रश्न असा, की टोपलीचा भाव आणि खिडकीचा भाव ह्यांत एवढे अंतर का पडते? ह्याचे उत्तर १९६४ साली बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन ह्या दोघांनी स्वतंत्रपणे मांडले, आणि ते केशकर्तनालयात बसून समजण्यासारखे आहे. विक्रोळी स्थानकाजवळचा कारागीर आणि न्यूजर्सीतला कारागीर दोघेही अर्ध्या तासात एकच डोके भादरतात. कौशल्यात फरक असलाच तर आपलाच सरस. पण न्यूजर्सीतल्या माणसाने कात्री खाली ठेवली तर त्याला कारखान्यात किंवा गोदामात ताशी बरेच डॉलर मिळतील, कारण तिथे एक माणूस यंत्रांच्या जोरावर पुष्कळ माल काढतो. त्याला दुकानात टिकवायचे तर तेवढे द्यावेच लागतात. इथे ती ओढ नाही, म्हणून इथले केस स्वस्तात कापले जातात. जो माल जहाजात घालून नेता येतो त्याची किंमत जगभर थोडीफार सारखी होऊ पाहते. जी सेवा जागेवरच घ्यावी लागते तिची होत नाही. केशकर्तन जहाजात घालता येत नाही. नर्सची रात्रपाळी घालता येत नाही. गरम पोळी तव्यावरून पानात वाढणेही नाही.

म्हणजे दवाखाना आणि हॉटेल हे आमच्या गटाचे दोन लाडके विषय मुळात एकाच जातीचे आहेत. दोन्हीकडे आपण मुख्यतः दुसऱ्या माणसाचा वेळ विकत घेतो.

हॉटेलचेच आधी घेऊ, ते हलके आहे. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ साली गंमत म्हणून एका अमेरिकन बर्गरची किंमत देशोदेशी मोजायला सुरुवात केली. भारतात तो बर्गर गोमांसाचा मिळत नाही, म्हणून तुलनेला कोंबडीचा ‘महाराजा’ घ्यावा लागला. मला विचाराल तर मुंबईपुरते माप वडापाव हेच असावे. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य ह्यांनी १९६६ मध्ये तो विकायला सुरुवात केली असे मानले जाते, तेव्हापासूनचे त्याचे दर कोणी टिपून ठेवले असते तर रिझर्व्ह बँकेलाही उपयोग झाला असता.

बाहेर जेवणे ही आपल्याकडे आधी गरज होती, चैन नंतर झाली. घर गावाकडे आणि माणूस गिरणीत, म्हणून गिरणगावात खानावळी निघाल्या. त्या चालवणाऱ्या बायका महिन्याच्या उधारीवर जेवू घालत आणि स्वतः सावकाराच्या व्याजात अडकत. प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते ह्याच बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. त्या ताटाची किंमत कमी होती ह्याचे एक कारण हेही, की रांधणारीचे श्रम धड हिशेबात धरलेच जात नव्हते. सरकारनेही स्वस्त ताट देऊन पाहिले, १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन. तिथे उरलेले पैसे तिजोरीतून जात होते एवढेच.

श्रम हिशेबात धरण्याची तऱ्हा देशागणिक कशी बदलते ह्याचा उत्तम नमुना म्हणजे वाढप्याची बक्षिशी. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की झाले. न्यूजर्सीची मैत्रीण मात्र बिलावर अठरा-वीस टक्के ठेवते आणि दर वेळी कुरकुरते. तिच्या नवऱ्याला तो माज वाटतो. पण तिथला कायदा पाहिला म्हणजे उलगडा होतो. ज्यांना बक्षिशी मिळते अशा नोकरांना मालकाने द्यावयाचा किमान रोख पगार अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ताशी २.१३ डॉलर ठेवला, तो १९९१ साली, आणि त्यानंतर तीस वर्षे उलटून गेली तरी संघराज्याने तो वाढवला नाही. काही राज्यांत जास्त आहे, कॅलिफोर्नियात तर पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. पण मूळ योजना अशी, की पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाने द्यावा. मग ती बक्षिशी कसली, ते पगारपत्रकच. लंडनला बिलातच साडेबारा टक्के सेवाशुल्क लावून ठेवतात, आणि ते पैसे नोकरांपर्यंत पूर्ण पोचावेत म्हणून तिथे २०२३ साली कायदा करावा लागला. तो ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आला. आपल्याकडे सेवाशुल्क सक्तीचे करता येत नाही, अशी मार्गदर्शक सूचना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढली व दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. मित्रमंडळी जमवून मोठ्या हॉटेलात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बडीशेपेच्या बशीचा मान मात्र ठेवावा.

आता दवाखाना. इथे नुसत्या केशकर्तनाच्या नियमाने भागत नाही. कारण हॉटेलात बिल जो खातो तोच देतो. दवाखान्यात बिल कोण देतो ह्याचे उत्तर प्रत्येक देशाने वेगळे काढले आहे. आमच्या गटाकडे पाहिले की जणू त्याचे प्रदर्शनच मांडलेले दिसते.

जर्मनीच्या मित्राच्या पगारातून विम्याचा हप्ता आपोआप कापला जातो. ही पद्धत १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी सुरू केली. मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, निम्मा मालकाचा, निम्मा कामगाराचा, वर थोडी भर. मोबदल्यात इस्पितळात पडावे लागले तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षात अठ्ठावीस दिवसांपर्यंतच. लंडनला ५ जुलै १९४८ पासून सर्वांचा खर्च सरकारी करातून होतो. डॉक्टरला भेटायला पैसे नाहीत, पण भेट मिळायला वाट पाहावी लागते, आणि आमची मैत्रीण ती वाट कशी पाहते ह्याचे वर्णन रोज करते. तिकडे शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक खर्च धरून ठेवावा: व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड झाला. दुबईत २०१३ च्या कायद्याने नोकराचा विमा काढणे मालकाच्या माथी आले. नोकरी सुटली की विमाही सुटतो, ही त्यातली मेख.

अमेरिकेचे प्रकरण समजायला आम्हाला वर्षे लागली. तिथे विमा असतो, पण वर्षाच्या सुरुवातीचे अमुक हजार डॉलर आधी स्वतःच्या खिशातून गेल्याशिवाय विमा कंपनी बहुतेक खर्चात हात घालत नाही. नंतरही ठराविक वाटा आपला असतो, तो एका कमाल मर्यादेपर्यंत. २०२५ साली कायद्याने ही मर्यादा एका माणसामागे ९,२०० डॉलर होती. शिवाय इस्पितळाची छापील किंमत एक, आणि विमा कंपनीशी ठरलेली दुसरी. त्यामुळे मुलाच्या बोटाला चार टाके घातले तर किती पडतील हे टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. ते दीड महिन्याने टपालाने कळते. मैत्रिणीचे ‘एवढेच ना?’ ह्या धास्तीतून आले होते, हे नंतर सर्वांच्या लक्षात आले. ती दर डिसेंबरात विक्रोळीला येते तेव्हा आईला भेटण्याआधी दाताच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवते.

औषधाच्या गोळीची गोष्ट मात्र निराळी. ती जहाजात घालता येते, मग तिचा भाव सारखा का नाही? तिथे आड येतो तो कायदा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर ठेवली. तो १९७२ मध्ये अंमलात आला आणि २००५ पर्यंत हीच स्थिती राहिली. त्या मधल्या तीस-बत्तीस वर्षांत भारतीय कंपन्या वेगळ्या रीतीने तीच औषधे काढायला शिकल्या. ‘सिप्ला’ त्यांतली एक. तिचा दुसरा कारखाना १९६० साली आमच्या विक्रोळीत सुरू झाला होता. ह्याच कंपनीच्या युसूफ हमीद ह्यांनी २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, जेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला दहा हजारांच्या वर पडत होते. ही बातमी वाचून विक्रोळीकरांची छाती फुगायला हरकत नव्हती, पण आमच्यापैकी कोणाला ती तेव्हा ठाऊकच नव्हती.

आणि आपली पद्धत कोणती? खरे उत्तर असे, की आपल्याकडे वरच्या सर्व पद्धती थोड्या थोड्या आहेत, आणि कोणती कोणाला लागू हे शोधण्याची जबाबदारी आजारी माणसाच्या घरच्यांवर आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून गेले. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. उतार मोठा आहे, तरी दहा रुपयांतले चार रुपये अजून आजाऱ्याचेच.

मित्राच्या वडिलांकडे परत येतो. तिसऱ्या दिवशी दुबईच्या मित्राने पैसे पाठवतो म्हटले, जर्मनीच्यानेही. पण पुण्याच्या मैत्रिणीने, जी एका रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते, एकच प्रश्न विचारला : ‘रेशनकार्ड कुठे आहे?’ पुढचे सगळे त्या प्रश्नातून निघाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू झाली. अट अशी, की रुग्णालय योजनेत असले पाहिजे आणि मंजुरी उपचाराआधी घेतली पाहिजे. वडिलांना पहिल्या रुग्णालयातून हलवले. योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात चार दिवसांत काम झाले.

त्या धावपळीत आणखी काही गोष्टी कळल्या, त्या इथे नोंदवतो. औषध चढवलेल्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली. त्यापूर्वी ती सरासरी लाखाच्या वर होती. पुढे हे दर वेळोवेळी बदलले, म्हणून बिलात स्टेंटची ओळ वेगळी मागून घ्यावी. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ह्याची योजना घालून दिली. पंचतारांकित दिसणारी काही रुग्णालयेही ह्या यादीत आहेत, दारावरच्या झुंबरावरून अंदाज करू नये. आणि विमा दवाखाना. कारखान्यात काम केलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला १९४८ च्या कायद्याचा हा दवाखाना पाठ होता, बिस्मार्कचीच पद्धत ती. मुलुंडच्या विमा रुग्णालयात आम्हा निम्म्या मुलांचे बालपणीचे ताप उतरले आहेत. निवृत्तीनंतर तो हक्क संपतो अशी सर्वांची समजूत होती. तसे नाही. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःपुरता व पत्नीपुरता उपचाराचा हक्क चालू ठेवता येतो. मित्राच्या वडिलांनी चौदा वर्षे ते १२० रुपये भरले नव्हते, कारण कोणी सांगितलेच नव्हते.

आता आमच्या गटात हॉटेलच्या बिलांच्या मध्येच एक यादी फिरते. प्रत्येकाच्या आईवडिलांचा रक्तगट, चालू औषधे, विम्याचे कागद, शेजाऱ्यांचा फोन, आणि रेशनकार्ड घरात नेमके कुठल्या कपाटात आहे ते. सात घरांपैकी सहांची माहिती भरून झाली आहे. लंडनच्या मैत्रिणीच्या आईचे कार्ड अजून सापडलेले नाही. ते माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत असावे असा अंदाज आहे, आणि ट्रंकेची किल्ली न्यूजर्सीला आहे.